बोंडअळीतून निघालेला जिवाणू

1956च्या भाषावार राज्यपुनर्रचनेपर्यंत मुधोळ नांदेड जिल्ह्यात होतं. त्या वर्षी मुधोळ, भैंसा आणि कुबेर हा भाग आदिलाबादला जोडला गेला आणि इथली मराठी बोलणारी गावं आंध्र प्रदेशात गेली. निजामाच्या काळात नांदेडचा गावराणी कापूस नावाजलेला होता. 1970 साली सुरतहून ‘एच-4’ हा संकरित कापूस आला आणि पुढे संकरित वाणांबरोबर फवारण्याही वाढत गेल्या. 1980च्या दशकातल्या पायरेथ्रॉइड औषधांना बोंडअळी थोड्याच वर्षांत दाद देईनाशी झाली. 1997-98च्या हंगामात वरंगळ भागात अळ्यांनी कापूस फस्त केला आणि औषधांच्या उधारीने पिचलेल्या शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या.

अळीला मारणारं पण माणसाला अपाय न करणारं औषध तेव्हा जगात नवं नव्हतं. फ्रान्समध्ये ते ‘स्पोरेइन’ या नावाने 1938 सालीच विकायला आलं होतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पंपात ते का पोचलं नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी ते तयार करण्याच्या खर्चात आहे.

त्यामागचा जिवाणू आधी रोग म्हणूनच माहीत झाला. 1901 साली जपानच्या शिगेताने इशिवाता यांनी मरणाऱ्या रेशीमकिड्यांतून तो वेगळा केला. दहा वर्षांनी जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात अर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत सापडला. प्रांतावरून त्याचं नाव पडलं बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी. खाद्य संपलं की हा जिवाणू बीजाणू तयार करतो आणि सोबत प्रथिनाचा एक स्फटिक. पानाबरोबर स्फटिक अळीच्या पोटात गेला की तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतो आणि आतड्याच्या पेशींना भोकं पाडतो. अळी काही तासांत खाणं सोडते, दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि हे विष चिकटेल अशा जागाही आपल्या आतड्यात नसतात.

हा स्फटिक मिळवायचा तर जिवाणू ढिगाने वाढवावा लागतो. कारखान्यात त्यासाठी पोलादी फर्मेंटर हवेत, गाळलेली हवा सतत आत सोडावी लागते, द्रव ढवळत ठेवावा लागतो, मग सेंट्रिफ्यूज आणि वाळवणी. मध्येच हवा बंद पडली तर अख्खा घाणा वाया जाऊ शकतो.

खर्च उतरवणारं एक मोठं पाऊल कापसाच्याच किडीतून पडलं. 1960च्या दशकाअखेरीस टेक्सासमध्ये हॉवर्ड डल्मेज यांनी रोगट गुलाबी बोंडअळीतून ‘एचडी-1’ हा वाण वेगळा केला. आधीच्या वाणांपेक्षा तो कितीतरी जहाल निघाला, त्यामुळे कमी पावडरीत काम भागू लागलं. जिवाणूच्या खाद्यात महागड्या पेप्टोनऐवजी सोयाबीनचं आणि सरकीचं पीठही चालतं, हे पुढे रूढ झालं.

दुसरं पाऊल हैदराबादेत पडलं. राजेंद्रनगरला 1977 साली तेलबिया संशोधन संचालनालय स्थापन झालं. महबूबनगर-नलगोंड्याकडच्या एरंडीवर उंटअळी पडली की पानांच्या नुसत्या शिरा उरतात. अशा कमी पैशांच्या पिकाला महागडी पावडर कशी परवडणार? संचालनालयात उंटअळीसाठी ‘डीओआर बीटी-1’ हा वाण पुढे आला. 2005 साली पी. एस. विमला देवी आणि सहकाऱ्यांनी घन माध्यमावर बीटी स्वस्तात वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा आधार होता गव्हाचा कोंडा. ओलसर, निर्जंतुक कोंड्यावर जिवाणू पसरतो, त्याला कणांमधल्या पोकळ्यांतून हवा मिळते. द्रव ढवळण्याची वीज वाचते आणि पाणी कमी असल्याने वाळवणंही सोपं जातं. या कामाचा फारसा गाजावाजा झाला नाही, पण छोट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचं मोल फार मोठं आहे.

कोंड्याच्याही खोड्या आहेत. थर जाड झाला की मधला भाग तापतो. ओल चुकली की भलतेच जंतू माजतात. शिवाय पुडीतले जिवंत बीजाणू मोजून औषधाचा जोर कळत नाही, तो स्फटिकात असतो. म्हणून घाणा अळ्यांना खाऊ घालूनच तपासावा लागतो. 1971च्या अमेरिकन प्रमाण-नमुन्याला मिलिग्रॅममागे 18,000 एकक ठरवून दिले गेले आणि त्याच्याशी ताडून इतर पावडरींची ताकद सांगितली जाऊ लागली.

मार्च 2002मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. ती जालन्याच्या महिको या कंपनीच्या वाणांना होती. स्फटिकाचं जनुकच झाडात घातल्याने जिवाणू वाढवण्याचा प्रश्न उरला नाही आणि काही वर्षं बोंडअळीच्या फवारण्या घटल्याही. पण 2010 साली गुजरातेत गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळवल्याचं जाहीर झालं. 2017 साली तिने विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं पोखरली आणि त्याच हंगामात पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले.

बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीवर बीटीची फवारणी फारशी चालत नाही, कारण औषध तिच्या तोंडापर्यंत जात नाही. सोयाबीनवरची उंटअळी किंवा हरभऱ्यावरची घाटेअळी लहान असताना, उन्हं कलल्यावर मारलेली बीटी मात्र लागू पडते. मुधोळसारख्या भागात कोंडा किंवा पेंड मिळवणं कठीण नाही. शेतकऱ्यांच्या गटांनी हे औषध करायचं ठरवलं तर प्रत्येक घाणा अळ्यांवर तपासून देण्याचा भार मात्र सरकारी प्रयोगशाळांनीच उचलायला हवा.