परकं कोण?

पहिल्या पगारात आजीला धुळ्यातल्या आमच्या गल्लीच्या पिझ्झा सेंटरवर नेलं. "हाई काय शे?" म्हणत तिने प्लेट सरकवली, परक्यांचं खाणं नको. मला वाईट वाटलं. मग तिच्या शेवभाजीची तर्री आठवली. मिरची न् टोमॅटो, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, युरोपियांच्या जहाजांतून इकडे आलेले. इटलीतही टोमॅटो सोळाव्या शतकातच पोचला. पुढे नेपल्सच्या गरिबांनी तो रोटीवर घातला. पिझ्झाच्या मोठ्या परदेशी कंपन्या भारतात आल्या १९९६ला. आमच्या गल्लीवाल्याने वर मका टाकलेला. (तोही अमेरिकेचाच!) आजीला हे सगळं सांगितलं. तिने एक तुकडा तोडला, बराच वेळ चावला.

"ठेचा नही का?"