भाड्याच्या मैदानावरचे विजेते

१२ मे १९९९ रोजी मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियममध्ये पार्माने मार्सेयला ३-० असं हरवून युएफा कप जिंकला. तो संघ मला आजही तोंडपाठ आहे. गोलात एकवीस वर्षांचा बुफॉन, त्याच्यापुढे थुराम, सेन्सिनी आणि कान्नावारो, मधल्या फळीत दिनो बाज्जो, बोगोसियान आणि वेरॉन, पुढे क्रेस्पो आणि किएझा. यांतले दोघे आदल्याच वर्षी फ्रान्सकडून विश्वविजेते झाले होते आणि आणखी दोघे २००६ साली इटलीकडून होणार होते. असा हा संघ दोन लाखांहून कमी वस्तीच्या, हॅम आणि चीजसाठी ओळखल्या जाणाऱ्या एका गावाचा होता. पुढच्याच आठवड्यात लाझिओने बर्मिंगहॅममध्ये मायोर्काला हरवून कप विनर्स कप उचलला आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली. त्यानंतर युएफा कप, म्हणजे पुढची युरोपा लीग, इटलीत परत यायला पंचवीस वर्षं गेली.

इटालियन क्लबांच्या या घसरणीची चर्चा निघाली की लोक बचावात्मक खेळाकडे, थकलेल्या खेळाडूंकडे, सामनानिश्चितीकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. पण माझी उभी नोकरी सहकारी बँकेत कर्जप्रकरणं तपासण्यात गेली. अर्जदाराचा बंगला कितीही देखणा असला तरी सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे आम्ही आधी पाहायचो. इटालियन फुटबॉलचा इतिहास मी त्याच सवयीने वाचत आलो, आणि माझं ठाम मत असं झालं आहे की हे क्लब युरोपात मागे पडले ते त्यांच्याकडे तारण ठेवण्याजोगं स्वतःचं काहीच नव्हतं म्हणून. मैदान नगरपालिकेचं आणि पैसा मालकाच्या दुसऱ्या धंद्यातला. हातात उरले ते फक्त खेळाडू.

वैभव मात्र खरं होतं. १९९० च्या मोसमात युरोपातले तिन्ही कप इटलीत गेले: मिलानकडे चॅम्पियन्स कप, साम्पदोरियाकडे कप विनर्स कप, युव्हेंटसकडे युएफा कप. त्यातल्या युएफा कपच्या अंतिम सामन्यात युव्हेंटससमोर फिओरेंटिना हा दुसरा इटालियन क्लबच होता. १९८९ ते १९९९ या अकरा मोसमांतले आठ युएफा कप इटालियन क्लबांनी जिंकले. १९९२ ते १९९८ अशी सलग सात वर्षं युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एक तरी इटालियन क्लब होताच. हेही सांगायला हवं की हेसलच्या दुर्घटनेनंतर १९८५ पासून पाच वर्षं इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी होती, त्यामुळे वाट थोडी मोकळी झाली होती. तरीही एप्रिल १९८९ मध्ये सान सिरोवर रेआल माद्रिदला ५-० ने धुणारा प्रशिक्षक साक्कींचा मिलान कुणाच्या गैरहजेरीमुळे मोठा झाला नव्हता. माराडोना नेपल्समध्ये, मॅथॉस इंटरमध्ये, गुलित आणि व्हान बास्टेन मिलानमध्ये. कोल्हापुरात तालमी-तालमींच्या सामन्यांवर वाढलेल्या आमच्या पिढीने १९९० चा विश्वचषक दूरदर्शनवर पाहिला, आणि त्यानंतर पाटाकडील की खंडोबा या वादाइतकाच मिलान की इंटर हा वादही आमच्या कट्ट्यावर रंगू लागला.

हा पैसा कुठून येत होता? मिलानचे बेर्लुस्कोनी दूरचित्रवाणी वाहिन्यांचे मालक. इंटरचे मोराट्टी तेलशुद्धीकरणातले. लाझिओचे क्रान्योत्ती यांची चिरियो ही डबाबंद टोमॅटोची कंपनी. फिओरेंटिनाचे चेक्की गोरी चित्रपटनिर्माते. युव्हेंटसमागे फियाटचं आन्येल्ली घराणं. आणि पार्मामागे कालिस्तो तान्झी यांची पार्मालाट.

तान्झींची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. पार्माजवळच्या कोलेक्यो गावात त्यांनी १९६१ मध्ये दुधाचा धंदा सुरू केला. अतिउच्च तापमानावर तापवलेलं, पुठ्ठ्याच्या डब्यात महिनोन्महिने टिकणारं दूध त्यांनी घराघरांत पोहोचवलं आणि त्या दुधावर जगभर पसरलेली कंपनी उभी केली. दुधाचा पैसा एखाद्या मुलुखाचं काय करू शकतो, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. १९९० पर्यंत पार्मा क्लब पहिल्या श्रेणीत कधी खेळलाच नव्हता. पुढच्या नऊ वर्षांत त्याने एक कप विनर्स कप आणि दोन युएफा कप जिंकले. झोला, ब्रोलिन, अस्प्रिया असे खेळाडू तिथे खेळून गेले.

मग विक्री सुरू झाली. मॉस्कोच्या विजयानंतर काही आठवड्यांतच वेरॉन लाझिओला गेला, २००० मध्ये क्रेस्पो त्या वेळच्या विक्रमी किमतीला तिथेच गेला, २००१ मध्ये बुफॉन आणि थुराम युव्हेंटसला, २००२ मध्ये कान्नावारो इंटरला. बुफॉनसाठी मोजलेली रक्कम गोलरक्षकासाठीचा विक्रम म्हणून २०१८ पर्यंत टिकली. डिसेंबर २००३ मध्ये कळलं की मूळ कंपनीच पोकळ होती. केमन बेटांवरच्या बोनलाट या उपकंपनीच्या नावे बँक ऑफ अमेरिकेत जवळपास ४ अब्ज युरो शिल्लक असल्याचं एक पत्र हिशेबतपासनिसांना दाखवलं गेलं होतं. बँकेने जाहीर केलं की ते पत्र खोटं आहे. खड्डा सुमारे १४ अब्ज युरोंचा निघाला. शिल्लक दाखवणारं पत्र आलं की त्या शाखेकडून स्वतः खातरजमा करायची, हा आमच्या कामातला पहिला धडा असायचा. ती बातमी वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

पार्मा एकटा नव्हता. २००२ च्या उन्हाळ्यात फिओरेंटिनाचं दिवाळं निघालं आणि बातिस्तुताचा तो क्लब नव्या नावाने चौथ्या श्रेणीत उतरला. त्याच वर्षाच्या अखेरीस चिरियोने कर्जरोख्यांचे पैसे थकवले आणि लाझिओ क्रान्योत्तींच्या हातून गेला. २००४ मध्ये माराडोनाचा नेपोली बुडाला आणि तिसऱ्या श्रेणीतून उभा राहिला. तीन वर्षांत चार मोठे क्लब कोलमडले, आणि त्यांतल्या तिघांनी त्या वैभवाच्या काळात युरोपीय कप जिंकलेले होते.

खेळाडू हे तारण का होऊ शकत नाही, हे इथे सांगतो. डिसेंबर १९९५ च्या बोस्मान निकालानंतर करार संपलेला खेळाडू एकही पैसा न देता दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणजे वहीत कोट्यवधींना लिहिलेली मालमत्ता ठरलेल्या तारखेला शून्य होते. इटलीत त्यावर एक वाट काढली गेली. दोन क्लबांनी आपापली तरुण पोरं फुगवलेल्या किमतीला एकमेकांना विकायची. प्रत्यक्ष पैसा फारसा हलायचा नाही, पण विक्रीचा नफा दोघांच्याही वहीत त्याच वर्षी दिसायचा आणि खरेदीचा खर्च कराराच्या सगळ्या वर्षांवर पसरायचा. हे पुढच्या वर्षाचं पीक यंदाच विकून खाणं होतं. २००३ मध्ये तर सरकारनेच कायदा करून खेळाडूंच्या घटलेल्या किमतीचा तोटा दहा वर्षांत विभागून दाखवायची मुभा दिली. युरोपीय आयोगाने त्यावर हरकत घेतली. जुनी थकबाकी नव्या कर्जात बुडवून खातं नियमित दाखवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. त्यांचा शेवट कधी चांगला झाला नाही.

आणि मैदानं. १९९० च्या विश्वचषकासाठी इटलीने सरकारी पैशाने बारा शहरांत स्टेडियम बांधली किंवा वाढवली. सान सिरोला तिसरा मजला चढला, तुरिनमध्ये देल्ले आल्पी उभं राहिलं. पण ती क्लबांची नव्हती. सान सिरो मिलान नगरपालिकेचं, रोमचं ऑलिम्पिको ऑलिम्पिक समितीचं. देल्ले आल्पीत धावपट्टी असल्यामुळे प्रेक्षक मैदानापासून इतके लांब बसत की चेंडू नीट दिसत नसे. जवळपास ६९ हजार खुर्च्यांच्या त्या जागेत युव्हेंटस-साम्पदोरिया हा २००१-०२ च्या इटालियन कपचा सामना फक्त २३७ जणांनी पाहिला. इंग्लंडमध्ये नेमक्या त्याच वर्षी, जानेवारी १९९० मध्ये, हिल्सबरोच्या दुर्घटनेनंतरचा टेलर अहवाल आला. तिथल्या क्लबांना आपापली मैदानं दुरुस्त करणं भाग पडलं, आणि बहुतेक मैदानं त्यांच्या मालकीची असल्यामुळे त्यांत घातलेला पैसा त्यांनाच परत मिळाला. मला ही सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची फारकत वाटते. एकाच वर्षी दोन देशांनी मैदानांवर पैसा ओतला, पण तो एकीकडे क्लबांच्या मालमत्तेत जमा झाला आणि दुसरीकडे नगरपालिकांच्या.

दूरचित्रवाणीच्या पैशाचंही तेच. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने १९९२ पासून सगळ्यांचे हक्क एकत्र विकले. इटलीत १९९९ पासून प्रत्येक क्लब आपापले हक्क विकू लागला. युव्हेंटस, मिलान आणि इंटर यांचं फावलं, बाकीचे वाळले. २००२ मध्ये लहान क्लबांना गिऱ्हाईकच मिळेना, म्हणून मोसम दोन आठवडे उशिरा सुरू करावा लागला. एकत्रित विक्री पुन्हा आली ती २०१० मध्ये.

या सगळ्यावर पांघरूण घातलं ते विजयांनीच. मे २००३ मध्ये मँचेस्टरला मिलान आणि युव्हेंटस चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळत होते आणि उपांत्य फेरीतल्या चार क्लबांपैकी तीन इटलीचे होते. २००५ मध्ये इस्तंबूलला मिलानने मध्यंतरापर्यंतची ३-० आघाडी लिव्हरपूलविरुद्ध गमावली. २००६ मध्ये पंचांच्या नेमणुकांचं प्रकरण उघड झालं, युव्हेंटस दुसऱ्या श्रेणीत गेला, तोवर तिथे आलेला कान्नावारो माद्रिदला आणि थुराम बार्सेलोनाला. २००७ मध्ये मिलानने पुन्हा चॅम्पियन्स लीग जिंकली, २०१० मध्ये प्रशिक्षक मोरिन्योंच्या इंटरने. माद्रिदमधल्या त्या अंतिम सामन्यात इंटरच्या सुरुवातीच्या अकरांत एकही इटालियन नव्हता. त्या रात्री मी आनंदाने रडलो होतो, पण मोराट्टींच्या खिशाचा तो शेवटचा मोठा खर्च ठरला. तीन वर्षांनी त्यांनी क्लबचा ताबा विकला.

२०११ मध्ये युएफाच्या क्रमवारीत जर्मनीने इटलीला मागे टाकलं आणि चॅम्पियन्स लीगमधली इटलीची चौथी जागा गेली. ही क्रमवारी पाच वर्षांच्या निकालांवरून ठरते, आणि इटालियन क्लब गुरुवारच्या युरोपा लीगला राखीव खेळाडू उतरवून मोकळे होत असत. साम्पदोरियाचं उदाहरण मला सर्वांत जास्त लागतं. १९९२ मध्ये वेम्ब्लीवर चॅम्पियन्स कपच्या अंतिम सामन्यात बार्सेलोनाविरुद्ध जादा वेळेतल्या एका गोलने हरलेला हा क्लब २०१० मध्ये चौथा आला, चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत वेर्डर ब्रेमेनकडून हरला, जानेवारीत कास्सानो आणि पाझ्झिनी हे दोन्ही आघाडीवीर त्याने जाऊ दिले आणि मे २०११ मध्ये तो पहिल्या श्रेणीतूनच बाहेर फेकला गेला. पार्मा तर २०१५ मध्ये दुसऱ्यांदा बुडाला. उदिनेजेविरुद्धचा घरचा सामना पुढे ढकलावा लागला, कारण मैदानावरच्या कर्मचाऱ्यांना द्यायला पैसे नव्हते.

मोठ्या क्लबांपैकी वेगळी वाट पहिल्यांदा युव्हेंटसने धरली. त्यांनी देल्ले आल्पीची जागा नगरपालिकेकडून घेतली, ते पाडलं आणि सप्टेंबर २०११ मध्ये तिथेच सुमारे ४१ हजार खुर्च्यांचं स्वतःचं स्टेडियम उघडलं. त्यानंतर सलग नऊ लीग विजेतेपदं आणि चॅम्पियन्स लीगचे दोन अंतिम सामने. दोन्ही हरले, हे खरं. पण त्या नऊ वर्षांत इटलीतून तिथवर दुसरं कुणीच पोहोचलं नाही. मिलान मात्र २०१८ मध्ये कर्जाचा हप्ता चुकल्यामुळे थेट सावकाराच्या, एलियट या अमेरिकी फंडाच्या, हाती गेला.

२२ मे २०२४ या दिवशी दोन गोष्टी घडल्या. महिन्याभरापूर्वी विसावं लीग विजेतेपद मिळवलेला इंटर क्लब, मालकाने सुमारे ३९.५ कोटी युरोंचं कर्ज फेडलं नाही म्हणून, ओकट्री या कर्जदात्या संस्थेने ताब्यात घेतला. त्याच रात्री डब्लिनमध्ये अतालांताने तोवर मोसमात अपराजित असलेल्या लेव्हरकुसेनला ३-० ने हरवून युरोपा लीग जिंकली. तिन्ही गोल लुकमानचे. बर्गमोचा हा क्लब पोरं घडवण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याने आपलं मैदान २०१७ मध्येच नगरपालिकेकडून विकत घेतलं होतं. प्रशिक्षक गास्पेरिनींच्या खेळाचं श्रेय मी कमी करत नाही. पण त्यांना आठ वर्षं एकाच ठिकाणी शांतपणे काम करता आलं, याच्या मुळाशी ती खरेदीही आहे असं मी मानतो.

इंटर २०२५ मध्ये म्युनिकला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पॅरिसकडून ५-० ने हरला. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला एवढा मोठा पराभव आजवर कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. पण त्याच वर्षाच्या शेवटी मिलान आणि इंटर यांनी मिळून सान सिरो आणि भोवतालची जमीन नगरपालिकेकडून १९.७ कोटी युरोंना विकत घेतली. जुनं स्टेडियम बहुतांश पाडून शेजारी नवं बांधायचा बेत आहे. त्या उतरत्या-चढत्या गोल मनोऱ्यांसाठी माझा जीव तुटतो, तरीही ही खरेदी व्हायला हवी होती. काळजी एकाच गोष्टीची आहे. दोन्ही क्लब आज अमेरिकी फंडांच्या हातात आहेत, आणि असे फंड कधी ना कधी विकून बाहेर पडतात. त्या दिवशी ही जमीन क्लबच्याच नावावर राहील की तीही आधीच कुठल्यातरी नव्या कर्जाला तारण दिलेली असेल, हे मी पुढची काही वर्षं बारकाईने वाचणार आहे.