अबकारीची दोन कुलुपे

श्रोतेहो, इतिहास हा विषय घेऊन मी एम.ए. झालो, स्पर्धा परीक्षा दिली आणि नियुक्तीचा कागद हाती पडला तो राज्य उत्पादन शुल्क खात्याचा. जुन्या भाषेत अबकारीचा. आईने देवापुढे साखर ठेवली, परंतु शेजारणींना "मुलगा सरकारी नोकरीत लागला" एवढेच सांगितले. खात्याचे नाव तिने गिळून टाकले. आमच्या घराण्यात कोणी दारूला शिवलेले नव्हते, आणि आता घरातील कर्त्या मुलाचे पोट दारूच्या हिशेबावर चालणार होते. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी म्हणा, मी माझ्याच खात्याचा इतिहास वाचू लागलो. त्यातले काही आज सांगावयाचे आहे.

माझी पहिली नेमणूक ऊसपट्ट्यातील एका मद्यार्क कारखान्यावर झाली. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उसाच्या रसाचा जो काळा, दाट पाक उरतो, त्याला मळी म्हणतात. ती पाण्याने सैल करून तीत यीस्ट सोडतात. मोठमोठ्या टाक्यांत ते मिश्रण दिवसरात्र खदखदत असते. चुलीवाचून उकळी फुटावी तसे. आंबलेल्या या द्रवाला आमच्या खात्यात 'रसायन' म्हणतात. पुढे उंच स्तंभांतून त्याची वाफ होते. पाणी शंभर अंशांवर उकळते, मद्यार्क अठ्ठ्याहत्तरावर. बावीस अंशांच्या या फरकावर सारा धंदा उभा आहे. शेवटी एका बंद काचपेटीत पाण्यासारखी स्वच्छ धार पडताना दिसते. ती पाहता येते, तिला हात लावता येत नाही. पेटीला कुलूप असते.

तेथून ती धार कोठारात जाई आणि कोठाराच्या दाराला दोन कुलुपे असत. एकाची किल्ली कारखानदाराकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. दोघे एकत्र आल्यावाचून दार उघडत नसे. रोज सकाळी टाकीत मापकाठी सोडावयाची, उष्णतामापक बुडवावयाचा, मग पितळी द्रवमापक तरंगवून तीव्रता वाचावयाची आणि तिन्ही आकडे वहीत लिहावयाचे. उन्हाळ्यात काही मद्यार्क हवेतच उडून जाई. त्या तुटीचीही मर्यादा नियमात ठरलेली होती. ती ओलांडली की कारखानदाराने खुलासा द्यावयाचा. वाऱ्याने किती प्यावे हेही आमचे खाते ठरवीत होते.

त्या द्रवमापकाची कथा सांगण्याजोगी आहे. तो बार्थोलोम्यू साइक्स नावाच्या इंग्रज अबकारी अधिकाऱ्याचा. ब्रिटिश पार्लमेंटने 1816 साली कायदा करून त्याला मान्यता दिली. त्यापूर्वी मद्याची कसोटी पाहण्याची एक जुनी रीत होती: बंदुकीच्या दारूवर मद्य ओतावयाचे आणि पेटवावयाचे. दारूने पेट घेतला तर मद्य कसास उतरले. नुसतीच फुसफुसली तर त्यात पाणी जास्त. मराठीने या दोन्ही पदार्थांना एकच नाव द्यावे, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटत आला आहे. या कसोटीला पुढे शास्त्रीय रूप आले आणि 'लंडन प्रूफ' हे माप ठरले. आजच्या हिशेबाने आकारमानाच्या सुमारे 57.1 टक्के मद्यार्क. मुंबई इलाख्यात देशी दारू विकली जाई ती या मापाच्या पंचवीस अंश खाली, म्हणजे 42.8 टक्के, आणि हलकी दारू साठ अंश खाली. इंग्लंडने ते माप 1980 साली टाकून दिले. आपण मात्र व्हिस्कीच्या किंवा देशी दारूच्या बाटलीवर 42.8 हा विचित्र अपूर्णांक अजून छापतो. राज्य गेले, त्याचे मापटे राहिले.

आता हे मापटे आणि हे कुलूप मुळात आले कोठून, ते पाहू. 'अबकारी' हा फारसी शब्द. आब म्हणजे पाणी. पाण्याचे काम, म्हणजे अर्क काढण्याचे काम. कंपनी सरकारच्या काळी दारूचा मक्ता लिलावाने दिला जाई. जो जास्त बोली लावील त्याला तालुक्याचा गुत्ता. मग त्याने कोठे भट्टी लावावी आणि कशी गाळावी याकडे सरकार फारसे पाहत नसे. डोंगरपट्टीत वारली, काथोडी, भिल्ल यांच्या घरी मोहाची दारू सणावाराला, लग्नकार्याला, पितरांना दाखवण्यासाठी निघे. कोकणपट्टीत भंडारी माड पाजवी आणि माडी उतरवी. त्या व्यवहाराचा हिशेब ठेवणारा कारकून अजून जन्मास यावयाचा होता.

तो आला 1878 साली. त्या वर्षी मुंबईचा अबकारी कायदा झाला. त्यामागची बुद्धी होती चार्ल्स प्रिचर्ड या मुलकी अधिकाऱ्याची. योजना तर्कशुद्ध होती: गावोगावच्या भट्ट्या मोडावयाच्या, गाळण्याचे काम थोड्या मोठ्या कारखान्यांत एकवटावयाचे, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनावर तीव्रतेप्रमाणे शुल्क घ्यावयाचे. मुंबई बंदरापलीकडील उरणला पारशी मालकांच्या मोहाच्या भट्ट्या होत्या. असे ठिकाण सरकारला सोयीचे, कारण एकाच फाटकाशी उभे राहून सारा माल मोजता येई. माडांना क्रमांक पडले, झाडांवरचा कर वाढला, आणि बापजाद्यांपासून माडावर चढणारा भंडारी परवान्यावाचून चढला तर गुन्हेगार ठरू लागला.

मोहाचे प्रकरण याहून कठोर. घरोघरी गाळणारी माणसे कायद्याने थांबेनात, तेव्हा सरकारने फुलावरच हात घातला. 1892 च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आला. श्रोतेहो, मोहाचे फूल ही नुसती दारूची सामग्री नव्हे. चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेला तो पिवळसर सडा वेचून, वाळवून, शिजवून आदिवासी कुटुंबे खातात; कोठीतले धान्य संपल्यावर तोच आधार असतो. नुकतीच रुजू झालेली माझी नजर दप्तरात हे वाचताना एका शब्दावर अडली: 'मुद्देमाल'. ज्याला आईने पोरासाठी टोपलीत भरून ठेवले त्याला पंचनाम्यात मुद्देमाल म्हणतात, हे मला नव्याने कळले.

या व्यवस्थेला विरोध झाला नाही असे नाही. जोतीराव फुले 1880 मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद होते; गुत्ते वाढवण्याच्या धोरणाला त्यांनी लेखी हरकत घेतली. टिळकांच्या पुढाकाराने 1908 च्या उन्हाळ्यात पुण्याच्या गुत्त्यांच्या दाराशी स्वयंसेवक उभे राहिले आणि येणाऱ्यांना परत जाण्याची विनंती करू लागले. 1922 साली तर एक विलक्षण गोष्ट घडली. ठाण्याच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीच्या साथीच्या निमित्ताने सुरू झालेला संचार उत्तरेस सुरतेच्या डोंगरवस्त्यांत पोहोचला. अंगात येणाऱ्यांच्या मुखाने देवी सांगू लागली: दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा. हजारो आदिवासींनी ते ऐकले, आणि दारूचे पिठे चालवणाऱ्या सावकारांची गिऱ्हाइके तुटली. कोणताही पुढारी तेथे गेला नव्हता, कोणताही कायदा झालेला नव्हता.

कायदा झाला तो पुढे. खेर मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांनी 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. तिजोरीतील तूट भरण्यासाठी शहरी घरांवर कर बसला. पुढे ती बंदी टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 6 एप्रिल 1950 पासून अवघे मुंबई राज्य कोरडे झाले. बाल्सारा खटल्यात 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा बहुतांशी उचलून धरला. माझ्या खात्याच्या जुन्या नियमपुस्तिकेच्या नावात दारूबंदी आणि अबकारी हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. एकाचा अर्थ दारू नको. दुसऱ्याचा अर्थ दारूचा कर आण. कोठाराची ती दोन कुलुपे मला येथे पुन्हा दिसली.

1960 मध्ये राज्याचे दोन भाग झाले. बडोद्याच्या आणि सुरतेच्या श्रोत्यांना ठाऊकच आहे की गुजरातेत त्याच कायद्याने दारूबंदी चालू राहिली. महाराष्ट्राने तोच कायदा ठेवला आणि 1963-64 पासून परवाने सैल केले. 1973 पासून देशी दारूचीही दुकाने रीतसर निघाली. म्हणून आपल्याकडे पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, आणि तो मिळतो, हसू नका, प्रकृतीच्या रक्षणार्थ. एका कायद्याची दोन राज्ये, दोन अर्थ.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांची आणि विरुद्ध बोलणाऱ्यांचीही मते मी पुष्कळ ऐकली आहेत. दोघांनी एकदा हातभट्टीवर छापा घालताना बरोबर यावे असे मला वाटते. ओढ्याकाठी पुरलेली पिंपे, सडका गूळ, नवसागर, आणि तेथे मजुरीने राबणारे पोर. ही भट्टी बंदीच्या काळात फोफावली हे खरे. पण परवाने दिल्यावरही ती विझली नाही, हेही खरे. गुत्त्यातली बाटली ज्याला परवडत नाही तो ओढ्याकडे वळतो. 2004 साली विक्रोळीत आणि 2015 साली मालवणीत विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत शंभराहून अधिक. पिण्याचा मद्यार्क आणि मिथेनॉल दिसायला सारखेच. काचपेटीतली स्वच्छ धार आठवते, आणि असे वाटते की आपले सारे पहारे श्रीमंताच्या पेल्याभोवती आहेत.

एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. 2001 साली महाराष्ट्राने द्राक्षापासून वाइन करण्यास उत्तेजन देणारे धोरण आखले. नाशिकच्या मळ्यांना त्याचा लाभ झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. शेतकऱ्याच्या मालाला चांगली किंमत येते. पण मोहफुले वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध सैल व्हावयास 2021 साल उजाडले. मध्य प्रदेशानेही त्याच सुमारास मोहाच्या मद्याला वारशाचा मान देण्याचे ठरवले. द्राक्षाला वीस वर्षे आधी जे मिळाले ते मोहाला मागाहून मिळाले, कारण द्राक्षाच्या बाजूने बोलणारे लोक मंत्रालयापर्यंत पोहोचत होते.

शेवटी एक आठवण सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गावी दारूचे दुकान बंद करावे की नाही यावर महिलांचे मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. आडव्या बाटलीला यादीतील एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मते लागत. सकाळपासून बायका रांगेत होत्या. कडेवर पोरे, डोक्यावर पदर. संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीची चळत उभीच्या कितीतरी पट मोठी होती. पण यादीतील निम्म्या नावांना ती थोडक्यात कमी पडली. ऊसतोडीला गेलेल्या, लग्न होऊन परगावी नांदणाऱ्या आणि काही मयत झालेल्या बायकांची नावे यादीत तशीच होती. दुकान चालू राहिले.

निकाल वाचून दाखवल्यावर एक म्हातारी पुढे आली. रागावलेली नव्हती, तिला खरेच समजून घ्यावयाचे होते. म्हणाली, "साहेब, ज्या आल्याच न्हाईत, त्येंची मतं बाटलीला कशी काय पडली?"

मी तिला नियम समजावून सांगितला. ती मान हलवीत ऐकत राहिली आणि मग घरी गेली. परतीच्या वाटेवर, गाडीत, मला 1878 आणि 1892 चे ते कागद आठवत होते. त्या कायद्यांच्या चर्चेत भंडारी नव्हता, वारली नव्हता, टोपली घेऊन झाडाखाली बसणारी बाई तर नव्हतीच. जे आले नाहीत त्यांचे मत कोणाच्या खात्यावर जमा करावयाचे, हे तेव्हाही हजर असणाऱ्यांनीच ठरवले होते.

मी अजून त्याच खात्यात आहे. हिशेब चोख ठेवतो. म्हातारीच्या प्रश्नाला मी नियम सांगितला, उत्तर दिले नाही, हे मला ठाऊक आहे. आणि तिलाही ठाऊक असावे.