निजामाचं महायुद्ध : आपल्याला विचारलं होतं कुणी?

१७ सप्टेंबर जवळ आला की रझाकार, पोलीस अॅक्शन, उमरीची बँक यावर पोस्टी सुरू होतात. व्हायलाच पाहिजेत. पण आज त्याच्या जरा मागचं लिहितोय. दोन महायुद्धांत आपलं हैदराबाद संस्थान होतं, आणि संस्थान होतं म्हणजे धर्माबाद, नांदेड, लातूर सगळं आलं. आपण युद्धात गेलो कसे, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी अमेरिकेचं बघू. युरोपच्या भांडणात पडायचं नाही, अशी तिथल्या पुष्कळ लोकांची पक्की भूमिका होती. १९३५ पासून तटस्थतेचे कायदेच केले त्यांनी. १९३९ ला युद्ध पेटलं तरी वाद चालूच. मार्च १९४१ मध्ये ब्रिटनला शस्त्रं द्यायचा कायदा झाला, तोही भरपूर भांडणानंतर. ऑगस्टमध्ये सक्तीच्या लष्करभरतीची मुदत वाढवायचा ठराव २०३ विरुद्ध २०२, म्हणजे एका मताने पास झाला! शेवटी जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि ८ डिसेंबरला संसदेने युद्ध जाहीर केलं. त्या दिवशीही जेनेट रँकिन या बाईंनी भर सभागृहात एकटीने विरोधात मत दिलं. आणि ते मोजलं गेलं.

आता आपल्याकडे या.

खरं म्हणजे निजामाने १७९८ आणि १८०० च्या तहांत परराष्ट्र कारभार इंग्रजांच्या हातात देऊन टाकला होता. युद्ध कुणाशी करायचं, तह कुणाशी करायचा, हे ठरवायचा हक्क तेव्हाच गेला. १९१४ ला तुर्कस्तान इंग्रजांच्या विरोधात उतरला. तुर्कस्तानचा सुलतान म्हणजे मुसलमानांचा खलिफा. तरी मीर उस्मान अली खान यांनी मुसलमानांनी इंग्रजांशी एकनिष्ठ राहावं असा जाहीरनामा काढला. वर सैन्याच्या खर्चासाठी ६० लाख रुपये दिले. त्या काळातले ६० लाख! हैदराबादचे घोडेस्वार सुएझ कालवा आणि पॅलेस्टाइनपर्यंत गेले. दिल्लीत तीन मूर्ती चौकात जे तीन पुतळे आहेत, त्यातला एक हैदराबादच्या स्वारांसाठी आहे. बाकीचे दोन म्हैसूर आणि जोधपूरचे.

बदल्यात काय मिळालं? १९१८ ला पदव्या. 'हिज एक्झाल्टेड हायनेस' आणि 'यार-ए-वफादार', म्हणजे ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त.

दोस्ताने मग १९२३ ला वऱ्हाड परत मागितला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि १९०२ ला तो वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतला होता. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचं उत्तर आलं. त्याचा मतलब सरळ होता : हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सगळ्यांच्या वर आहे, बरोबरीच्या नात्याने बोलू नका. संपली दोस्ती.

तरी दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने कुणाला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. काँग्रेसने वर्ध्याला बैठक घेऊन सांगितलं की आमचा हिटलरला विरोधच आहे, पण जो देश स्वतः गुलाम त्याला दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी लढ म्हणता कसं? प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात निदान राजीनामा द्यायला मंत्री तरी होते. आपल्याकडे काय होतं? स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी, ती उठली थेट १९४६ ला. सत्याग्रह करणारे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात. विचारणार कोण आणि विचारणार कुणाला?

पैसा मात्र गेला. ब्रिटनच्या हवाई लढाईत १५२ आणि २५३ नंबरच्या विमान तुकड्यांना हैदराबादचं नाव होतं. सैन्यही गेलं. ८ डिसेंबर १९४१ ला मलायात कोटा बारू इथे जपानी उतरले, तेव्हा तिथल्या विमानतळावर हैदराबादची पलटण होती. पर्ल हार्बरच्या तासाभराहून जरा आधीच ही लढाई सुरू झाली होती. त्या रात्री पलटणीची दाणादाण उडाली, तिचा इंग्रज कमांडर मारला गेला. म्हणजे बघा, अमेरिकेची संसद मतदान करायच्या आधीच आपल्या संस्थानाचे शिपाई जपान्यांसमोर उभे होते.

काही जण म्हणतील, हिटलरच्या विरोधात उभं राहिलं तर चुकलं कुठे? बाजू बरोबरच होती, त्यात वाद नाही. पण तिजोरीतला पैसा कुणाचा? सरकारी म्हणा की निजामाच्या खासगी सर्फ-ए-खासचा, शेवटी यायचा तो गावागावातल्या शेतसाऱ्यातूनच. ज्याने सारा भरला त्याला कुणी विचारलं नाही, आणि हिशोबही दिला नाही.

१९४७ ला निजामाला वाटलं, दोन युद्धांत साथ दिली, आता इंग्रज आपलं वेगळं राज्य राखतील. माउंटबॅटनने नाही म्हटलं. इंग्रज गेले, पदवी कागदावर राहिली. पुढचं वर्षभर आपल्या गावांनी जे सोसलं ते सगळ्यांना माहीत आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पाच दिवसांत संस्थान संपलं.

म्हणून मला वाटतं, मुक्तिसंग्राम नुसता एका राजाच्या विरोधात नव्हता. आपला पैसा आणि आपली माणसं कुठे पाठवायची हे ठरवताना आपल्याला विचारलं पाहिजे, हा हक्क त्यात होता. आज ग्रामसभेला न जाणारे, बजेट न वाचणारे आपण तो हक्क किती वापरतो, हे ज्याचं त्याने बघावं.

कुणाच्या घरी निजामाच्या फौजेतल्या आजोबा-पणजोबांची कागदं, पदकं, आठवणी असतील तर कमेंटमध्ये जरूर लिहा. ही माणसं पुस्तकात नाहीत, निदान आपल्या बोलण्यात तरी राहू द्या.