पडद्यामागचं ताट

लिहून पोट भरू पाहणाऱ्या माणसाला पहिलं काम कसं मिळालं, याच्या गोष्टी मला फार आवडतात. 'एका जाणकारानं त्याची प्रतिभा ओळखली आणि मग त्यानं मागे वळून पाहिलं नाही' छापाच्या नव्हेत हं. पत्र कुणाला लिहिलं, त्यात काय मागितलं, उत्तर आलं का, हातात पैसे किती पडले, अशा बारीकसारीक हिशेबाच्या गोष्टी. या बाबतीत डॉ. सॅम्युअल जॉन्सनचं चरित्र म्हणजे खजिनाच आहे. बॉझवेलनं ते इतक्या चिकाटीनं लिहून ठेवलंय की एखाद्या पत्रावर संपादकानं मारलेला शेरासुद्धा सापडतो.

आपल्याकडे जॉन्सन म्हटलं की विष्णुशास्त्री चिपळूणकर आठवतात. 'निबंधमाले'त त्यांनी जॉन्सनवर विस्तारानं लिहिलं. पण आपल्या डोक्यात बसलाय तो कोशकार जॉन्सन, धिप्पाड आणि विद्वान. मला त्याआधीचा, पंचविशीतला बेकार जॉन्सन जास्त जवळचा वाटतो.

१७०९ साली लिचफिल्ड गावात एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी त्याचा जन्म झाला. ऑक्सफर्डला गेला, पण पैशाअभावी जेमतेम तेरा महिन्यांत शिक्षण सोडून परतला. शाळेत दुय्यम मास्तर झाला, ते जमलं नाही. मग बर्मिंगहॅमला हेक्टर नावाच्या बालमित्राकडे जाऊन राहिला, आणि तिथे त्याला पुस्तकाचं पहिलं काम मिळालं: लोबो नावाच्या पोर्तुगीज पाद्र्याच्या ॲबिसिनियाच्या प्रवासवर्णनाचा, फ्रेंचवरून इंग्रजी अनुवाद. थोडा मजकूर झाला आणि स्वारी आळसावली. छापखान्याचं काम अडून पडलं. शेवटी हेक्टरनं त्याला सांगितलं की हे पुस्तक पुरं होईपर्यंत छापणाऱ्याला दुसरं काम घेता येत नाही, त्याच्या बायकापोरांचे हाल चाललेत. ही मात्रा लागू पडली! जॉन्सन अंथरुणात पडल्या पडल्या पुस्तक समोर धरून अनुवाद सांगत गेला आणि हेक्टर उतरवून घेत गेला. १७३५ साली पुस्तक निघालं. त्यावर अनुवादकाचं नाव नव्हतं. मोबदला पाच गिनी. (एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, पौंडापेक्षा एक शिलिंग जास्त.)

मला यातली गंमत अशी वाटते की कीर्तीच्या आशेनं जो उठला नाही, तो दुसऱ्याच्या चुलीचा विचार करून कामाला लागला. मुदत मुदत म्हणतो, तिच्या मागे बहुतेक वेळा कुणाचं तरी अडलेलं पोट असतं.

लंडनमध्ये एडवर्ड केव्ह नावाचा एक माणूस होता. चांभाराचा मुलगा. त्यानं १७३१ च्या जानेवारीत 'जंटलमन्स मॅगझिन' हे मासिक काढलं. आज आपण ज्या अर्थानं 'मॅगझिन' म्हणतो, तो अर्थ त्या शब्दाला इथूनच चिकटला. २५ नोव्हेंबर १७३४ रोजी जॉन्सननं या केव्हला पत्र लिहिलं. तेही स्वतःच्या नावानं नाही, 'एस. स्मिथ' या खोट्या नावानं! तुमच्या मासिकातला कवितांचा भाग कमजोर आहे, मी कविता, छोटे वाङ्मयीन लेख, टीका असं काहीबाही देऊन तो सुधारू शकेन, असा एकूण सूर. त्या पत्रावर केव्हनं '२ डिसेंबरला उत्तर दिलं' अशी नोंद केली आहे. पण मासिकात जॉन्सनचं लेखन दिसू लागलं ते थेट १७३८ मध्ये.

नवखा माणूस आजही असंच पत्र लिहितो. तुमच्यात हे कमी आहे, मी पुष्कळ काही करू शकतो. 'पुष्कळ काही' विकत घेणारं गिऱ्हाईक मात्र नसतं.

मधल्या काळात जॉन्सननं लग्न केलं, लिचफिल्डजवळ स्वतःची शाळा काढली, ती बुडाली. २ मार्च १७३७ रोजी तो आपल्या एका विद्यार्थ्याला बरोबर घेऊन लंडनला निघाला. हा विद्यार्थी म्हणजे डेव्हिड गॅरिक, पुढे इंग्लंडचा सर्वांत गाजलेला नट. जॉन्सनजवळ 'आयरीन' नावाचं अपुरं शोकनाट्य होतं. तेच आपल्याला तारून नेणार अशी त्याची समजूत होती. लंडनला विल्कॉक्स नावाच्या पुस्तकविक्रेत्याला त्यानं सांगितलं, मी लिहून पोट भरणार आहे. विल्कॉक्सनं त्याचा आडदांड देह वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि सल्ला दिला की त्यापेक्षा हमालाची चुंबळ विकत घे! पुढे जॉन्सन याच विल्कॉक्सला आपल्या चांगल्या मित्रांत मोजत असे, हे विशेष.

त्याच वर्षी १२ जुलैला त्यानं केव्हला पुन्हा पत्र लिहिलं. हे पत्र मात्र मला फार शिकण्यासारखं वाटतं. या वेळी खरं नाव आहे, आणि मागणी एकच. सार्पीच्या 'ट्रेंटच्या धर्मसभेचा इतिहास' या ग्रंथाचा नवा इंग्रजी अनुवाद मी करतो. नुकताच त्याचा सटीप फ्रेंच अनुवाद निघालाय आणि त्याचा बोलबाला झालाय, म्हणून आता इंग्रजीतही तो चालेल. म्हणजे काय करणार, ते आत्ताच का करायचं, आणि विकलं का जाईल, हे सगळं आलं. शिवाय मार्च १७३८ मध्ये, प्रतिस्पर्धी केव्हवर तुटून पडले असताना, जॉन्सननं त्याच्या बाजूनं एक लॅटिन कविता मासिकात दिली. संपादकाच्या अडचणीच्या वेळी हा माणूस उपयोगी पडतो, हे केव्हला कळलं असावं. सार्पीचं पुस्तक पुढे झालंच नाही, कारण आणखी एका जॉन्सननं तेच काम जाहीर केलं आणि दोन्ही बेत बारगळले. पण त्या कामापोटी ऑगस्ट १७३८ ते एप्रिल १७३९ या काळात त्याला थोडेथोडे करून ४९ पौंड ७ शिलिंग मिळाले. 'आयरीन' मात्र रंगभूमीवर यायला १७४९ साल उजाडलं, तेही तोवर नाट्यगृहाचा चालक झालेल्या गॅरिकमुळे.

आता या सगळ्यातला अवघड भाग. पार्लमेंटमधल्या चर्चा छापायला तेव्हा बंदी होती. केव्हनं पळवाट काढली आणि 'लिलिपुटच्या सभागृहातील वादविवाद' म्हणून त्या छापू लागला. आधी जॉन्सन दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुरावर हात फिरवी. जुलै १७४१ पासून मार्च १७४४ पर्यंत मात्र हे वादविवाद तो एकटाच लिहीत होता. सभागृहाच्या सज्जात तो गेला एकदाच. केव्हची माणसं टिपणं आणत, कधी तर फक्त वक्त्यांची नावं आणि त्यांची बाजू. बाकी सगळं जॉन्सनचं! मासिकाचा खप वाढला. लोकांना मात्र ही भाषणं खरोखरच झालेली वाटत होती.

याच दिवसांतली एक गोष्ट सांगतात. जॉन्सननं आपला कफल्लक मित्र, कवी रिचर्ड सॅव्हेज, याचं चरित्र लिहिलं. १७४४ साली ते निनावी निघालं, मोबदला पंधरा गिनी. हार्ट नावाच्या गृहस्थानं केव्हकडे जेवताना त्याची तोंड भरून स्तुती केली. पुढे केव्ह त्याला म्हणाला, तुम्ही त्या दिवशी एका माणसाला फार सुखी केलंत. त्या जेवणात पडद्यामागे एक ताट पाठवलं होतं. तिथे जॉन्सन बसला होता. कपडे इतके फाटके की पंगतीत यायची त्याला लाज वाटत होती.

१७४६ मध्ये पुस्तकविक्रेत्यांनी मिळून त्याच्याशी कोशाचा करार केला, १५०० गिनींचा. पडद्यामागून बाहेर यायला लंडनमध्ये पाऊल टाकल्यापासून नऊ वर्षं लागली. १७५९ मध्ये आई वारली तेव्हा तिच्या अंत्यविधीसाठी आणि देण्यांसाठी त्यानं आठवडाभराच्या संध्याकाळी बसून 'रासेलस' लिहिलं. १०० पौंड मिळाले. हेच 'रासेलस' कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतलं आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. तेव्हा पैशासाठी लिहिलेलं ते हलकं, असं म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

मग जॉन्सनला खंत कशाची होती? अनुवादावर नाव नव्हतं याची नाही, पडद्यामागे जेवल्याचीही नाही. मरण्याच्या काही दिवस आधी त्यानं बोलून दाखवलं की आपल्या सगळ्या लिखाणात मनाला टोचतं ते एकच, ते पार्लमेंटचे वादविवाद. लोक ती भाषणं खरी मानतात हे ध्यानात आल्यावर आपण ते काम सोडलं, असं तो सांगे.

मला वाटतं, नवीन लिहिणाऱ्यानं जॉन्सनकडून घ्यायचं ते दुहेरी आहे. काम मिळवायचं असेल तर आपल्या झोळीत काय आहे यापेक्षा समोरच्याचं काय अडलंय ते आधी बघावं. सुरुवातीची पुष्कळ वर्षं दुसऱ्यांच्या नावानं किंवा बिननावानं जातात, त्यात कमीपणा नाही. पण आपलं लिखाण वाचून वाचणारा फसणार असेल, तर ते काम घेताना दोनदा विचार करावा. पोट त्या दिवशी भरतंच. पण चाळीस वर्षांनी जॉन्सनला आठवलं ते नेमकं तेवढंच.