घर राखावे कोणी?

घर बांधणे हे एका पिढीचे काम. ते राखणे हे अनेक पिढ्यांचे. आपल्या वाड्यावस्त्यांतील कौलारू घरे एकामागून एक जमीनदोस्त होत असताना, ‘एवढा पैसा आणायचा कोठून?’ हा प्रश्न आपण हताशपणे विचारतो आणि तेथेच थांबतो. हाच प्रश्न गेल्या शतकात इंग्लंडमधील एका कॅथलिक घराण्यापुढे उभा राहिला होता. त्याचे उत्तर कसे मिळत गेले, हे समजून घेण्यासारखे आहे.

नॉरफोक परगण्यातील ऑक्सबर्ग हॉल हे ते घर. 1482 साली राजा चौथा एडवर्ड याने सर एडमंड बेडिंगफेल्ड यांना त्याच्या तटबंदीचा परवाना दिला. भोवती खंदक, समोर विटांचे उत्तुंग प्रवेशद्वार. पुढे पहिल्या एलिझाबेथच्या काळात कॅथलिकांवर संकट कोसळले. 1581 च्या कायद्याने राजमान्य उपासनेला न जाणाऱ्यास दरमहा वीस पौंड दंड ठरला. 1585 च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेऊन आलेला धर्मगुरू राजद्रोही ठरला आणि त्याला आसरा देणाऱ्याच्या गळ्याभोवतीही फास आला. बेडिंगफेल्ड घराण्याने श्रद्धा सोडली नाही. प्रवेशद्वाराच्या मनोऱ्यात, फरशीखाली, धर्मगुरूला लपवण्याची चिंचोळी जागा आजही पाहावयास मिळते. अशा घरांच्या भिंतींआड मिस्साबलिदान चालू राहिले. म्हणून ती केवळ श्रीमंतांची निवासस्थाने नव्हती. एका अर्थाने ती इंग्लंडची मंदिरे होती.

छळातून तगलेले हे घर कराच्या ओझ्याखाली मात्र वाकले. 1894 पासून लागू झालेला वारसाकर उत्तरोत्तर वाढत गेला, शेतीचे उत्पन्न घटले, आणि दोन महायुद्धांनंतर अनेक जुन्या वाड्यांवर हातोडे पडले. 1951 साली ऑक्सबर्ग हॉलही विकला गेला आणि तो पाडला जाण्याची वेळ आली. तेव्हा सिबिल, लेडी बेडिंगफेल्ड आणि त्याच कुटुंबातील आणखी दोन स्त्रिया पुढे सरसावल्या. तिघींनी स्वतःची राहती घरे विकली, त्या पैशातून पूर्वजांचे घर परत मिळवले आणि 1952 साली ते ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या स्वाधीन केले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 1895 साली स्थापन झालेली ही संस्था घर दान मिळाले म्हणून डोळे मिटून स्वीकारत नाही. त्याच्या निगराणीसाठी कायम निधीही हवा, असा तिचा आग्रह असतो. लॉर्ड लोथियन यांनी 1934 साली या घरांची दुरवस्था जाहीरपणे मांडली. 1937 च्या कायद्याने, घरासोबत त्याच्या देखभालीसाठी जमीन वा गुंतवणूकही ट्रस्टला देण्याचा मार्ग खुला झाला. पुढे गावर्स समितीचा 1950 चा अहवाल आला, आणि 1953 च्या कायद्याने ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारी अनुदान मिळू लागले. त्याबरोबर एक न्याय्य अपेक्षाही आली: जनतेचा पैसा ज्या घराला लागला, त्याचे दार जनतेसाठी काही काळ तरी उघडे असावे. 1980 साली राष्ट्रीय वारसा स्मारक निधी उभा राहिला. 1994 पासून राष्ट्रीय सोडतीच्या उत्पन्नातील वाटाही वारसा रक्षणाकडे वळला.

निधी एकदाच मिळून भागत नाही. 2016 साली ऑक्सबर्ग हॉलच्या छपरातील एक खिडकी अंगणात कोसळली आणि साठ लाख पौंडांचे छपराचे काम हाती घ्यावे लागले. त्या कामात, 2020 साली, पंधराव्या शतकातील हस्तलिखित चर्मपत्राचा एक तुकडा सापडला. त्यावर लॅटिन स्तोत्राच्या ओळी होत्या. छप्पर शाकारायला गेलेल्यांच्या हाती पूर्वजांची प्रार्थना लागली! घर पाडले असते तर तीही राडारोड्यात गेली असती.

आता आपल्याकडे वळू. बृहन्मुंबईसाठी 1995 साली वारसा नियमावली आली. गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या, ईस्ट इंडियन कुटुंबांनी नांदत्या ठेवलेल्या वस्तीला वारसा म्हणून मान्यता मिळाली. पाडकामावर बंधन आले, हे चांगलेच झाले. परंतु बंधन म्हणजे निधी नव्हे. नियम घर पाडू देत नाही. पण वाळवी लागलेला वासाही तो बदलून देत नाही. तो खर्च घरमालकाच्याच माथी राहतो आणि बिल्डरचा निरोप दारात वाट पाहत असतो. त्या मालकाला दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही.

मग करावे काय? अनुदान देणारी कोणतीही संस्था आधी विचारते की घर कोणाचे. आपल्याकडे एकेका घरावर आजोबांपासूनच्या वारसांची नावे असतात. कोणी आखाती देशात, कोणी कॅनडात. म्हणून पहिले काम भावंडांच्या सहमतीचे आणि कागदपत्रांचे. दुसरे, घराची मोजमापे, छायाचित्रे, ज्ञात इतिहास नोंदवून ठेवण्याचे. तिसरे, जाणकाराकडून दुरुस्तीचा अंदाज घेण्याचे, आणि त्यात पहिला मान रंगरंगोटीला नव्हे, छपराला देण्याचे. चौथे काम समाजाचे: एकट्या कुटुंबाने झोळी घेऊन हिंडण्याऐवजी गावाचा विश्वस्त निधी उभारावा, हिशेब चोख ठेवावा आणि मदत मिळालेल्या घराने वर्षातून काही दिवस तरी दार उघडावे.

पैसा अखेरीस येतो. परंतु तो येईपर्यंत घर उभे असावे लागते. ऑक्सबर्ग हॉल वाचला तो आधी कायद्याने नव्हे. तीन स्त्रियांनी आपल्या डोक्यावरचे छप्पर विकले, तेव्हा तो वाचला. एवढा त्याग आज आपणांपैकी कोणाकडे कोणी मागत नाही. भावंडांनी एका मेजाभोवती बसून एका कागदावर सह्या कराव्यात, एवढेच मागणे आहे.