संत विन्सेंट दि पॉल संस्था : उगम, वाढ आणि बाणा

महोत्सवाच्या प्रसंगीं आपण देवळाच्या भिंती, घंटा व वेदी यांचा इतिहास आवडीनें वाचतों. परंतु ज्यांनीं गाजावाजा न करितां गरिबांचीं दारें ठोठाविलीं, त्या मंडळीची हकीकत नसती तर ही पुस्तिका आमच्या मतें अपुरी राहिली असती. म्हणून ती येथें थोडक्यांत देत आहों.

इ. स. १८३२ मध्यें पॅरिस शहरांत पटकीच्या सांथीनें हजारों माणसें दगावलीं. दारिद्र्य तर आधींचेंच होतें. त्या सुमारास विद्यार्थ्यांच्या एका वादसभेंत फ्रेडरिक ओझानाम हा कायद्याचा विद्यार्थी ख्रिस्ती धर्माची बाजू हिरीरीनें मांडीत असे. एकदां प्रतिपक्षाच्या तरुणानें त्यास विचारिलें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं पुष्कळ केलें हें खरें. पण आज तुम्ही स्वतः गरिबांसाठीं काय करितां? प्रश्न झोंबला, कारण तो अगदींच खोटा नव्हता. ओझानामनें शब्दांनीं उत्तर दिलें नाहीं. ता. २३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे ज्या दिवशीं त्यास वीस वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं, सहा विद्यार्थी व वृत्तपत्रकार इमान्युएल बेयी यांची पहिली बैठक भरली.

या तरुणांपाशीं उत्साह होता, अनुभव नव्हता. तो दिला सिस्टर रोझाली राँद्यू यांनीं. गरिबांचीं घरें त्यांनीं दाखविलीं, आणि त्या घरांत नम्रतेनें कसें बसावें, बोलण्याआधीं कसें ऐकावें, हेंहि शिकविलें. पुढें मंडळीनें संत विन्सेंट दि पॉल (१५८१–१६६०) यांस आपले आश्रयदाते मानिलें.

लवकरच सभासद शंभरांवर गेले. एका मंडळीच्या अनेक मंडळ्या कराव्या, असें ओझानाम म्हणूं लागले. तेव्हां स्नेह तुटेल या भीतीनें कित्येकांनीं कसून विरोध केला. अखेर १८३५ मध्यें विभागणी झाली, आणि त्याच वर्षीं नियमावलीहि तयार झाली. मित्रांनीं सोबतीचा मोह आवरिला म्हणूनच हें कार्य १८४४ मध्यें डब्लिन व लंडन येथें आणि १८४५ मध्यें अमेरिकेंतील सेंट लुई येथें पोहोंचलें.

१८४८ च्या जून महिन्यांत पॅरिसच्या रस्त्यांवर रक्तपात सुरू झाला. समेटासाठीं आपण जावें, अशी विनंती ओझानाम व त्यांच्या मित्रांनीं आर्चबिशप आफ्र यांस केली. ते गेले, गोळी लागून जखमी झाले, आणि ता. २७ जून रोजीं निवर्तले. दानानें न्यायाची उणीव भरून निघत नाहीं, असें ओझानाम मानीत. अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, ता. ८ सप्टेंबर १८५३ रोजीं, त्यांचा अंत झाला. ता. २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्यवादित घोषित केलें. इटलींत १८५६ पासून स्त्रियांची निराळी शाखा काम करीत होती. ती १९६७ मध्यें मूळ संस्थेंत सामील झाली.

संस्थेचा बाणा साधा आहे. मदत पाठवावयाची नाहीं, घेऊन जावयाची. गरजवंताचा धर्म विचारावयाचा नाहीं. घरांत जें दिसेल तें बाहेर बोलावयाचें नाहीं. बैठकींत थैली फिरते, तींत कोणी किती टाकिलें हें शेजाऱ्यासहि कळत नाहीं.

वाचकहो, त्या तरुणाचा प्रश्न जुना झालेला नाहीं. महोत्सवाचे दिवे मालविल्यावर तो आम्हांसहि विचारला जाईल. त्याचें उत्तर या पुस्तिकेंत नव्हे, शेजारच्या गरिबाच्या दारीं देतां यावें, हीच आमची परमेश्वरचरणीं प्रार्थना.